तगाद्याला दार हवं

मावळात वाट पाहणं हे रिकामपणाचं लक्षण मानत नाहीत. ते काम आहे, आणि कामाला जागा लागते. पावसाची वाट बांधावर उभं राहून पाहायची आणि उशीर झाला तर आभाळाकडे बघून दोन शब्द सुनवायचे. लोकलची वाट फलाटावर पाहायची. पुणे-लोणावळा मार्गावर दुपारच्या लोकल वाढवा, ही मागणी इतकी जुनी आहे की कॉलेजात असताना ती करणारे आता ज्येष्ठ नागरिक म्हणून तीच करतात, आणि बाकावर शेजारी बसलेला कॉलेजकुमार मान डोलावतो. लोकल वाढो न वाढो, मागणी पुढच्या पिढीकडे सुखरूप पोचते.

एक्स्प्रेस-वेच्या मिसिंग लिंकची वाटही आम्ही अशीच पाहिली. खोपोली ते कुसगाव, साधारण १३ किलोमीटर, घाटातलं सहा किलोमीटर अंतर वाचवणारा रस्ता. २०१९ मध्ये काम सुरू झालं आणि मग ते पूर्ण होण्याच्या तारखा पुढं पुढं सरकत राहिल्या. पण त्या वाट पाहण्यात मान होता. घाटातून येता-जाता दरीतून वर येणारे पुलाचे खांब दिसायचे. ‘मागच्या महिन्यापेक्षा वर आलाय,’ असं गाडीतलं कुणीतरी अधिकारवाणीनं सांगायचं. बोगदा लोणावळ्याच्या तलावाखालून जातोय हे कळल्यावर तर तलावाकडे संशयानं बघण्याचीही सोय झाली.

ज्याला थांबता येत नाही त्याचं इथं काय होतं, हे इतिहासात नोंदलेलं आहे. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज बोरघाट चढून तळेगावापर्यंत आली. पुण्याचा रस्ता समोर होता, पण रसद नव्हती आणि चहूकडे मराठे होते. फौज मागं फिरली आणि वडगावला कोंडीत सापडून तह करावा लागला. तेव्हापासून या तालुक्याचं मत पक्कं आहे : ज्याच्या अंगी दम नाही, त्याचा वडगाव होतो.

माझ्या अंगी दम भरपूर आहे. पण मी ज्याची वाट पाहतोय तिथं तो वापरायला जागाच नाही. मी एका सॉफ्टवेअर सिंथेसायझरच्या अपडेटची वाट पाहतोय.

सिंथेसायझर म्हटलं की गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात चकाकता कोट घालून उभ्यानं वाजवणारा माणूस डोळ्यापुढं येतो. हल्ली तो माणूस बसलेला असतो आणि कोट उरलेला नाही. १९६० च्या दशकात रॉबर्ट मूग आणि इतरांनी बनवलेले सिंथेसायझर कपाटाएवढे होते. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला आणि काखेत मारून नेता येईल असं वाद्य झालं. १९९६ मध्ये स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीनं संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये इफेक्ट जोडायची व्हीएसटी नावाची पद्धत काढली, १९९९ मध्ये तिच्यात वाद्यंही बसू लागली, आणि काखही मोकळी झाली. उरला लॅपटॉप. आत सगळं पूर्वीचंच : सूर निर्माण करणारा ऑसिलेटर, त्यातलं नको ते गाळणारा फिल्टर, सूर कसा उठेल, किती टिकेल आणि कसा विरेल ते ठरवणारा एन्व्हलप. फक्त आता हे सगळं गणित आहे. हाताला लागेल असं काही नाही. आणि जे हाताला लागत नाही, ते पिशवीत घालून दुरुस्तीला नेता येत नाही. ही बाब विकताना कुणी सांगत नाही.

तरी पर्याय काय? ‘सैराट’साठी अजय-अतुल लॉस एंजेलिसला गेले आणि तिथल्या सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर खऱ्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण करून आले. आम्हाला नाणे मावळातून कामशेतला यायचं तरी जीप भरायची वाट पाहावी लागते. त्यामुळे आमचे व्हायोलिनवाले लॅपटॉपमध्येच राहतात. ते मानधन मागत नाहीत, चहा मागत नाहीत, स्टेजवर बसायच्या जागेवरून भांडत नाहीत. अधूनमधून अपडेट तेवढं मागतात.

माझ्या सिंथचं नाव सांगत नाही. तो एकट्या माणसानं बनवलाय. हा माणूस बाल्टिक समुद्राकाठच्या एका देशात राहतो. देशाचंही नाव नको, उगाच परराष्ट्र खात्याला काम. त्याच्या सिंथमध्ये एक पॅड आहे. पॅड म्हणजे गाण्याच्या मागं पसरून राहणारा लांबलचक आवाज. हा पॅड भजनाच्या मागं ठेवला की टाळ खणखणतात तिथं तो अंग चोरतो आणि बुवा श्वास घेतात तिथं जागा भरून काढतो. इतकं समंजस वाद्य मी दुसरं पाहिलं नाही. इतका समंजस माणूसही भजनी मंडळात पाहिला नाही.

अशा गुणी वाद्याला तीन खोडी आहेत.

पहिली, सूर अडकतो. बोट उचललं, पेडलवरचा पाय काढला, तरी एक सूर वाजतच राहतो. आपण उठून पाणी पिऊन आलो तरी तो तिथंच. हा रोग जुना आहे. वाद्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून १९८३ मध्ये मिडी नावाची पद्धत ठरली, तिच्यातच ‘सगळे सूर बंद’ असा एक खास हुकूम आहे. त्याचा क्रमांक १२३. त्यासाठी बऱ्याच सिंथवर वेगळं बटण असतं आणि त्यावर चक्क ‘पॅनिक’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे वाद्य बनवणाऱ्यांना माहीत होतं की सूर अडकणार आणि वाजवणारा घाबरणार. त्यांनी घाबरण्याची सोय केली, सूर सोडवण्याचं काम पुढच्यांवर सोपवलं. माझ्या सिंथमध्ये हे बटण आहे. ते दाबलं की बाकीचे सगळे सूर बंद होतात. अडकलेला चालू राहतो.

दुसरी खोड म्हणजे त्याची खिडकी. तो बनला तेव्हा संगणकाचे पडदे ढोबळ होते. नव्या लॅपटॉपच्या बारीक नक्षीच्या पडद्यावर ती खिडकी आगपेटीएवढी दिसते आणि तिच्यावर पन्नासेक बटणं आहेत. ती मोठी करता येत नाही. त्यामुळे मी एका हातात भिंग धरून दुसऱ्या हातानं फिल्टर फिरवतो. घरी आलेल्या पाहुण्यांना वाटतं, मी जुनी नाणी तपासतोय.

तिसरी खोड म्हणजे देवनागरी. आपण तयार केलेल्या आवाजाला नाव देऊन तो साठवता येतो. मी मोठ्या प्रेमानं ‘भुशीचा पाऊस’, ‘राजमाचीचं धुकं’, ‘एकवीरेची पायरी’ अशी नावं दिली. सिंथनं ती घेतली आणि प्रत्येक अक्षराच्या जागी एक चौकोन छापला. आता माझ्याकडे चौकोनांची लांबलचक यादी आहे. कोणता पाऊस आणि कोणती पायरी, हे चौकोन मोजून ओळखावं लागतं.

वाद्य बिघडणं आपल्याकडे नवीन नाही. तबल्याची पुडी फाटते, पेटीचा भाता फुटतो, तंबोऱ्याचा भोपळा तडकतो. पण त्या प्रत्येक दुखण्याला माणूस आहे आणि माणसाला दार आहे. मिरजेचे सतारमेकर म्हणा, पुण्यातल्या पेठांमधले पेटीवाले म्हणा, वाद्य त्यांच्यापुढं ठेवायचं आणि ‘उद्या या’ हे वाक्य ऐकून घ्यायचं. ‘उद्या या’ म्हणजे उद्या होणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं. तरीही उद्या जायचं असतं, कारण तगाद्याची सुरुवात तिथून होते.

तगादा ही आपली जुनी विद्या. थकलेल्या पगारासाठी मराठा फौजेतले लोक सरदाराच्या दाराशी धरणं धरून बसायचे, सरदाराचं खाणंपिणं आणि येणंजाणं अवघड करायचे, आणि सरदार पुढं सरकारकडे तोच हिशेब घेऊन जायचा. साम्राज्य गेलं, विद्या राहिली. पेटीवाल्याकडे पहिल्या खेपेला जाऊन म्हणायचं, ‘सहजच आलो होतो, इकडं काम होतं.’ दुसऱ्या खेपेला लहान मूल सोबत न्यायचं आणि त्याला दुकानातल्या सगळ्या पट्ट्यांवर हात ठेवू द्यायचा. तिसऱ्या खेपेला डबा घेऊन जायचं. डब्याचं झाकण उघडलं, ठेच्याचा वास दुकानभर पसरला आणि आपण ‘तुमचं चालू द्या हो, मी बसतो’ म्हटलं की कारागीर मुकाट्यानं हत्यार उचलतो. जगात असा कारागीर नाही जो समोर जेवणाऱ्या गिऱ्हाइकापुढं दुसऱ्याचं काम करू शकेल.

सॉफ्टवेअरनं नेमका हा हक्क काढून घेतला. वाट पाहायला आमची ना नाही. पण बसायचं कुठं?

‘मग आहे तेच वाजवा की. दुरुस्ती हवीच कशाला?’ असं आमच्या भजनी मंडळाचे बुवा म्हणाले. प्रश्न रास्त होता. आमच्या मावळात मळवलीजवळ भाज्याची लेणी आहेत. तिथं एका विहारात दोन हजार वर्षांपूर्वीचं शिल्प आहे : एक बाई उभ्या तोंडाच्या वाद्यांवर थाप मारतेय आणि दुसरी नाचतेय. बघणारे म्हणतात तो तबला, जाणकार म्हणतात पुष्कर. काही असो, त्या बाईनं आजवर अपडेट मागितलेलं नाही आणि तिचा हात अजून उचललेला आहे.

बुवांना समजावं म्हणून मी त्यांना घाटाचं उदाहरण दिलं. २०१९ च्या पावसाळ्यात मंकी हिलच्या भागात दरडी आल्या, रुळांखालची जमीन खचली आणि मुंबई-पुणे गाड्या कितीतरी दिवस रद्द राहिल्या. इंजिनात बिघाड नव्हता, डबे शाबूत होते. डोंगर जागेवर राहिला नव्हता. सॉफ्टवेअरचंही तेच होतं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात ॲपलनं कॅटलिना नावाची प्रणाली आणली आणि जे तिच्यावर गेले त्यांची ३२ बिटची सगळी जुनी सॉफ्टवेअरं उघडेनाशी झाली. त्याच्या आदल्या वर्षी स्टाइनबर्गनं जुन्या व्हीएसटी २ साठी नवे परवाने देणं थांबवलं होतं. २०२० मध्ये ॲपलनं इंटेलची चिप सोडून स्वतःची आणली. प्रत्येक वेळी सिंथ बनवणाऱ्याला आपलं तेच गणित नव्या जमिनीवर पुन्हा मांडावं लागतं. एकटा माणूस असेल तर त्याचं अर्धं आयुष्य रूळ दुरुस्त करण्यातच जातं.

बुवांनी ऐकून घेतलं. म्हणाले, ‘म्हणजे दरड तिसऱ्यानं टाकायची आणि शिव्या गँगमननं खायच्या.’

मोठ्या कंपन्यांकडे माणसं पुष्कळ असतात, म्हणून तिथं वाट पाहायलाही पुष्कळ लोक असतात. बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सनं मॅसिव्ह एक्स हा सिंथ फेब्रुवारी २०१९ मध्ये देऊ असं सांगितलं आणि तो जूनमध्ये दिला. चार महिने! आमच्याकडे चार महिन्यांच्या उशिराला उशीर म्हणत नाहीत, नियोजन म्हणतात. सीरम हा सिंथ २०१४ मध्ये आला आणि सीरम २ उगवला तो २०२५ च्या मार्चमध्ये, तोही जुन्या ग्राहकांना फुकट. इतकी वर्षं रागावून बसलेल्यांची मोठी पंचाईत झाली. फुकट मिळालेल्या गोष्टीवर राग धरायची आपल्याकडे पद्धत नाही. वरातीसाठी हलगी आणि संबळ मिसळून रिमिक्स करणारी आमच्याकडची पोरं एफएल स्टुडिओ वापरतात. ते बेल्जियमचं, १९९७ मध्ये ‘फ्रूटीलूप्स’ या नावानं जन्मलेलं. त्यांचं धोरण असं की एकदा विकत घ्या, जन्मभर अपडेट फुकट. कुणाच्या जन्मभर, असं पोरांनी मला विचारलं. मी म्हटलं, आधी विकत घ्या, मग विचारा.

या वाट पाहणाऱ्यांत तीन जाती मी ओळखू शकतो. पहिली जात आशावादी. यांना कुठूनतरी आतली बातमी असते. ‘येतंय, डिसेंबरात येतंय,’ असं ते दर डिसेंबरात सांगतात. बनवणाऱ्यानं आपल्या मांजराचा फोटो टाकला तरी ते मांजराच्या मागं पडद्यावर नवी खिडकी दिसते का, ते मोठं करून पाहतात.

दुसरी जात सोवळ्यातली. ज्या लॅपटॉपवर सिंथ नीट चालतो, त्याला ही माणसं बाहेरचा वारा लागू देत नाहीत. इंटरनेट नाही, नवी प्रणाली नाही, पेन ड्राइव्हसुद्धा आधी दुसरीकडे तपासून. लोणावळ्याच्या पावसात भिंतीवर बुरशी येते, चामड्याच्या पट्ट्यावर येते, तिथं हा लॅपटॉप कपाटात, पेटत्या बल्बशेजारी, सिलिका जेलच्या पुड्या उशाशी घेऊन वर्षानुवर्षं कोरडा राहतो. घरातल्या बाळंतिणीची इतकी बडदास्त मी पाहिलेली नाही. त्याला अपडेट आलंच तर ते त्यात टाकायची यांची हिंमत होणार नाही, पण वाट मात्र सगळ्यात तळमळीनं हेच पाहतात.

तिसरी जात सोडून गेलेल्यांची. यांनी केव्हाच दुसरा सिंथ घेतला, सुखात आहेत, तरी भेटले की पहिला प्रश्न : ‘आलं का रे?’ नाही म्हटलं की चेहऱ्यावर समाधान पसरतं. आपण योग्य वेळी बाहेर पडलो, याची खात्री त्यांना दर भेटीत लागते.

मी या तिन्हींत बसत नाही, म्हणून मी पत्रं लिहिली. ई-मेलनं तगादा करणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. पत्राच्या सुरुवातीला ‘आपण कुशल असाल अशी आशा आहे’ असं लिहावं लागतं. माणूस कुशल आहे म्हणूनच तर तगादा लावायचा! मग त्याच्या सिंथची तारीफ करायची, मग ‘एक छोटीशी अडचण’ म्हणून सूर अडकतो ते सांगायचं, आणि शेवटी त्याच्या वेळेबद्दल आभार मानायचे, जो वेळ त्यानं अजून दिलेलाच नाही. एवढं करून मुलाला त्याच्या टेबलावर सोडता येत नाही. ठेचा जोडता येत नाही.

जुलैत लिहिलेल्या पत्राला मात्र लगेच उत्तर आलं. मी उडालोच. उघडलं तर यंत्रानं पाठवलेलं : मी महिनाभर सुट्टीवर आहे. तिकडे जुलैत सूर्य मावळायचं नाव घेत नाही, म्हणून सगळा देश समुद्राकाठच्या लाकडी घरात जाऊन बसतो. आमच्याकडे जुलैत सूर्य उगवायचं नाव घेत नाही आणि सगळा तालुका गुडघाभर चिखलात इंद्रायणी भात लावत असतो. त्या महिन्यात इथं पॉवर टिलरलाही रजा मिळत नाही. मंडळाचा पखवाजी चिखलात, टाळकरी चिखलात, बुवा बांधावर, पण तेही चिखलातच. ऑगस्टात तो कामावर परततो तेव्हा आमचे गणपती दाराशी आलेले असतात. आमची गरज ऐन भरात असते तेव्हा तो साठलेली पत्रं वाचत असतो, आणि त्याला कामाचा उत्साह येतो तेव्हा आमची कापणी.

बुवांनी हे ऐकून मूळ प्रश्नाला हात घातला. ‘त्या गावात आपलं कोण आहे?’

मराठी माणूस जगात कुठंही असतो, आणि असतो तिथं कुणाचा तरी नातेवाईक असतो. शोध घेतला तेव्हा पखवाज्याच्या भाच्याचा साडू त्याच देशात निघाला, शहर दुसरं. सिंथ विकत घेतल्याच्या पावतीवर पत्ता होताच. बुवांनी बेत आखला. साडूनं शनिवारी जायचं, चिवड्याचा डबा न्यायचा, ‘सहजच आलो होतो’ म्हणायचं आणि बसायचं. उठायचं नाही. बोलायचंही फार नाही. अधूनमधून चिवडा चावायचा.

साडू खरंच गेला. तिथून त्यानं फोन केला, आवाज दबलेला. ‘दार सापडलं. पण बेल वाजवायचा धीर होत नाही. न कळवता कुणाच्या घरी गेलं तर इथं फार वाईट दिसतं.’

बुवांनी माझ्या हातातून फोन घेतला. ‘अहो पाव्हणं, वाईट दिसावं म्हणूनच पाठवलंय ना तुम्हाला!’

साडूनं अर्धा तास समोरच्या फुटपाथवर उभ्यानं चिवडा खाल्ला आणि परत गेला.

मग एके दिवशी, कुणाच्याही तगाद्याशिवाय, अपडेट आलं. आमच्या गावात मोबाईलची रेंज देवळाच्या पारावर येते, तीही पिंपळाच्या बाजूला. तिथं लॅपटॉप घेऊन बसलो. सोबत बदलांची यादी होती. पहिला बदल : ‘उत्तरेची संध्याकाळ’ नावाची नवी रंगसंगती. दुसरा : एका बटणाची सावली दोन ठिपके डावीकडे सरकवली. तिसरा : सर्व भाषांतली नावं आता दिसतील! मी घाईघाईनं यादी उघडली. चौकोन खरंच गेले होते, अक्षरं आली होती. फक्त एकेक सुटी. ‘राजमाचीचं धुकं’ मध्ये काने एकीकडे, वेलांट्या दुसरीकडे, आणि ‘धु’ चा उकार ‘ध’ ला सोडून पुढं जाऊन उभा. देवनागरीत अक्षरं एकमेकांना धरून असतात, हे संगणकाला वेगळं शिकवावं लागतं. सिंथ बनवणारे अनेकजण ज्यूस नावाचं तयार साहित्य वापरतात. त्याच्या २०२४ च्या आठव्या आवृत्तीत जगभरच्या लिप्या नीट जुळवून दाखवायची सोय आली. आमचा गृहस्थ बहुधा सातव्यातच सुखी असावा. आणि अडकणाऱ्या सुराबद्दल यादीच्या तळाशी एक ओळ होती : ‘तपास चालू आहे.’ आपल्या पोलिसांचं वाक्य बाल्टिकपर्यंत कसं पोचलं कोण जाणे.

इकडे हरिनाम सप्ताह जवळ आला होता. मंडळाला अभंगांचं ध्वनिमुद्रण हवं होतं आणि मी ‘सिंथ दुरुस्त होऊ द्या, मग करू’ असं सांगत होतो. बुवा एक दिवस पडवीत येऊन बसले. ‘सहजच आलो होतो,’ म्हणाले. मी सावध झालो. दुसऱ्या दिवशी नातू घेऊन आले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या हातात डबा दिसला तेव्हा मी लॅपटॉप उघडला.

‘कुठला सूर अडकतो म्हणालात?’

‘काळी चार. नेहमी तीच.’

बुवांनी डोळे मिटून हिशेब केला. आमचं मंडळ पांढरी चारात गातं. त्यात काळी चार म्हणजे कोमल गंधार. अख्खा सप्ताह कोमल गंधाराच्या देखरेखीखाली काढायचा, हे त्यांना मानवेना. ‘मग त्याला असं लिहा,’ ते म्हणाले, ‘की सूर काढू नको. राहू दे. फक्त तीन पट्ट्या खाली आण. अडकायचाच आहे तर पांढरी चारला अडकू दे. तंबोऱ्याचं काम होईल.’

मी ते शब्दशः लिहिलं. कुशल विचारलं नाही, आभार मानले नाहीत, कारण डब्यातला ठेचा समोर उघडा होता.

त्याच रात्री उत्तर आलं. माणसानं लिहिलेलं! आजवर सगळ्यांनी दोष काढा म्हणून सांगितलं, दोष हलवा म्हणून सांगणारे तुम्हीच पहिले, असं त्यानं लिहिलं होतं. पांढरी चार म्हणजे काय? भजन किती वेळ चालतं? रात्रभर? मग सूर रात्रभर अडकलेला हवा का? नेहमी एकच सूर अडकतो हे त्याला माहीतच नव्हतं. ते कळल्यामुळे दोष सापडेल असं त्याला वाटत होतं. फक्त मी सूर अडकतानाचं ध्वनिमुद्रण आणि लॅपटॉपनं लिहिलेली नोंदीची फाइल पाठवावी. तेवढं आलं की तो कामाला लागेल.

मी लगेच पाठवणार होतो. पण सप्ताह आला, मग कापणी आली, मग झोडणी. पेटीवर आणि एका खऱ्या तंबोऱ्यावर ध्वनिमुद्रण उरकलं होतं, त्यामुळे मंडळाचीही घाई नव्हती. मध्येच त्याचं पत्र आलं : ‘सहज विचारतोय, ती फाइल मिळेल का?’ मी ‘लवकरच’ असं कळवलं. पुढच्या पत्रात त्यानं आपल्या मुलीचा फोटो जोडला होता, ती त्याच्या कळफलकावर हात ठेवून बसलेली. माझ्या पाठीतून शिरशिरी गेली. विद्या उपजतच असावी. आता तिसरं पत्र डब्याचं येणार.

बुवांना सांगितलं. त्यांना त्याची दया आली. ‘तिकडून विचारून बिचाऱ्याला काय मिळणार?’ ते म्हणाले. ‘त्याला म्हणावं, इथं ये. आपली पडवी आहे, सतरंजी आहे, भात घरचा. फाइल मिळेपर्यंत बस, कुणी ऊठ म्हणणार नाही.’

मी तसं आमंत्रण पाठवलं. त्याला कल्पना फार आवडली. यायची इच्छा आहे, मुलीला लेणी दाखवायची आहेत, पण अडचण एकच : मोठी सुट्टी त्याला फक्त जुलैत मिळते.

बुवांचा चेहरा उजळला. ‘जुलैतच येऊ दे. लावणीला एक माणूस कमी पडतोच.’